साकवापलीकडच्या बॅटऱ्या

देऊळवाडी, ता. मालवण
५ ऑक्टोबर २००९

रविकांत,

आशीर्वाद गृहीत धर. तब्येत विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस आणि मला उगाच वाईट वाटेल. फोन केला की "नंतर करतो, बाय" म्हणतोस, आणि ते नंतर काही दोह्याहून इकडे पोचत नाही. पत्र मध्येच बंद करता येत नाही, म्हणून पत्र.

काम तुझ्या गाडीचं आहे. फणसाखाली उभी आहे ती अजून. पर्यटकांना तारकर्लीच्या किनाऱ्यावर झोपवायला तू त्या जुन्या मिनीबसचं घर केलंस, आत दोन पलंग, ओटा, पंखा, दिवे, सगळं स्वतःच्या हातानं. गॅरेजवाला बाळा अधूनमधून इंजिन चालवून ठेवतो, तेवढं ते चालतं. पण आतल्या घराच्या दोन बॅटऱ्या, बाकड्याखालच्या, त्या मेल्या. दिवासुद्धा लागत नाही. मला त्यांच्या जागी दोन नव्या बॅटऱ्या हव्यात. कुठल्या घ्यायच्या आणि कुठून, एवढंच कळव.

कशाला हव्यात तेही सांगते. चैत्रात बाबांची उजवी बाजू गेली, हे तुला मामांनी कळवलं असेलच. तेव्हापासून ते अंथरुणात आहेत. पाठीला जखमा व्हायला लागल्या म्हणून कणकवलीच्या डॉक्टरांनी हवेची गादी दिली. तिला विजेवर चालणारा छोटा पंप आहे, तो हवा आलटून पालटून भरत राहतो. लोडशेडिंग झालं की गादी बसते आणि मी उठते. बाबांना कुशीवर वळवते, मग दुसऱ्या कुशीवर. माझी कंबर गेली आहे, पण ते असू दे.

यंदा गावपळण आहे. देवाने कौल दिला की सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस ओढ्यावरच्या सिमेंटच्या साकवापलीकडे जाणार, माडाच्या झापांच्या राहुट्यांत राहणार. परतीचा कौल मिळेपर्यंत गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. आजारी माणसांना हल्ली लोक पाव्हण्यांकडे ठेवतात. मी बाबांना म्हटलं, खारेपाटणला मामांकडे राहा तीन दिवस. त्यांनी तोंड फिरवलं. पन्नास वर्षं गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस गावाला सोडून मेव्हण्याच्या ओटीवर बसायचा नाही. "गावावांगडा जातलंय," म्हणाले. बोलणं अर्धं तोंडातच राहतं त्यांचं, पण हे स्वच्छ आलं.

आता तू जे मनात म्हणतो आहेस ते मला इथे ऐकू येतंय. मागच्या गावपळणीला आईला ताप होता, तू ही गाडी नेऊन उभी केलीस, पंखा लावलास, अंथरूण घातलंस. आणि बाबांनी चारचौघांत सांगितलं की गाव जमिनीवर झोपतो तर मानकऱ्याची बायकोही जमिनीवर झोपेल. आई झोपली. महिन्याच्या आत गेली. दिवसकार्य आटोपून तू निघालास तो आजतागायत त्यांच्याशी बोललेला नाहीस. उजळणी नको करूस, मी तिथेच होते. आई माझीही होती.

पण गादी बसली की पाठीचं मांस सोलतं रे माणसाचं. जखम कुणी काय केलं ते विचारत नाही.

बॅटरीचं कळव.

हिरा


२७ ऑक्टोबर

रवी,

तुझा मेसेज मिळाला. चार वर्षांनी भावाचा आलेला मेसेज जसाच्या तसा लिहून ठेवते: "डीप सायकल घे. ट्रकची नको. खोक्याची उंची मोज." बाय नाही, ताई नाही, बाबा कसे आहेत नाही. तरी मी तो दिवाळीभर पुन्हा पुन्हा काढून वाचला, म्हणजे मला किती स्वाभिमान उरला आहे बघ.

ट्रकची नको हे तू आधी सांगायला हवं होतंस. बाळाने तशी एक जुनी आणून लावली होती. पहिल्या दिवशी पंप काय जोरात, मी म्हटलं झालं काम. आठवड्यात ती बसली ती बसलीच. बाळाने मग समजावलं की ट्रकच्या बॅटरीला एकदम जोर काढून गाडी सुरू करायची सवय, थोडं थोडं देत दिवसभर चालायचं तिला जमत नाही. घराला दुसऱ्या जातीची लागते, तीच तुझी डीप सायकल. मला लगेच कळलं. ट्रकची म्हणजे तू, आणि घरातली म्हणजे मी.

मालवणात बाबलीच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. काजूच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून. बाबली झेरॉक्स काढता काढता मला सांगत होता कुठे दाबायचं. इंग्लंडमधलं एक दुकान निघालं, अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांचंच. किती प्रकार! तिथे तिला लेझर बॅटरी म्हणतात, म्हणजे फुरसतीची. फोटोत गाडीबाहेर खुर्च्या टाकून नवरा-बायको चहा पितायत, पायाशी कुत्रा. मी बाबलीला म्हटलं, आपल्या घरात नाही ती हीच एक वस्तू, मागव दोन. तो म्हणाला, "बाय, तेंची गाडी हंय येवची नाय. परदेशात धाडणत नाय म्हणान खाली बारीक अक्षरात लिवलेला आसा." मी चहा पिणाऱ्या त्या बाईकडे आणखी थोडा वेळ बघत बसले आणि उठले.

दुसऱ्या एका ठिकाणी बॅटरी सापडली पण पैसे कार्डानेच भरायचे. कार्ड माझ्याकडे कुठलं. तिसऱ्या ठिकाणी चित्र एका बॅटरीचं आणि खाली माहिती दुसरीची. बाबली म्हणाला घेऊन टाक, चित्रावर कोण जातं. मी चित्रावर जात नाही, उंचीवर जाते. घरी येऊन बाकडं उचललं आणि शिवणाच्या टेपने खोका मोजला. लांबी, रुंदी, उंची, आणि वायरी कुठल्या बाजूने येतात तेही. आत तुझ्या हाताने खडूने काढलेला बाण अजून आहे, अधिक कुठे आणि उणे कुठे.

बाबा पडवीतून बघत होते. विचारलं, "काय मोजतंस?" म्हटलं, तुमच्या प्रवासाची तयारी.

हिरा


१२ नोव्हेंबर

रवी,

कौल झाला. २६ तारखेला गाव निघणार.

बॅटऱ्या मिळाल्या, म्हणजे मिळतील असं दिसतंय. पुण्यातल्या एका दुकानाचं पान बाबलीला सापडलं. मेल केला, माणसाने स्वतः फोन केला. "मॅडम, बोट आहे का तुमची?" मालवण म्हटल्यावर त्याला बोटच सुचली. मी म्हटलं, बोट नाही, बस आहे. "मग स्कूल बसला डीप सायकल कशाला?" मी म्हटलं, बसमध्ये माझे वडील झोपणार आहेत. तो एकदम नीट बोलायला लागला. मापं विचारली, पंप किती वॅटचा विचारलं, इन्व्हर्टर आहे का विचारलं. त्याच्याही आईला हवेची गादी होती म्हणे. ड्राफ्ट पाठवला आहे. २४ पर्यंत टेम्पोने घरपोच देतो म्हणाला. पत्ता दिला. उशीर झाला तर घरी कोणी असेल ना, असं विचारलं त्याने. मला हसू आलं. म्हटलं, आमच्या घरी कायम माणूस असतं, तुम्ही कधीही या.

बाबांना आता सगळं नीट सांगितलं. गाडीत झोपायचं, पंप चालेल, तुम्ही गावाबरोबरच असाल. मला वाटलं नाही म्हणतील. म्हणाले, "रवीक इचारलंस?"

"विचारलं."

"त्याची गाडी. तो व्हय म्हणालो?"

"व्हय नाही म्हणाला. उंची मोज म्हणाला."

बाबा हसले रे. अर्ध्या तोंडाने, पण हसले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि मी भात लावायला गेले.

शेजारच्या राधाबाईंनी परवा स्वतःहून म्हटलं, "गाडी आसताना म्हाताऱ्याक जमनीर कित्याक निजयतंस गो? आता कोण काय बोलाचो नाय." मला राग आला. चार वर्षांपूर्वी ह्याच राधाबाई तिथे उभ्या होत्या आणि तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पण बाबा अंथरुणात पडल्यापासून रोज दुपारी माझ्याबरोबर त्यांना उचलायलाही त्याच येतात. माणसावर धड रागावताही येत नाही इथे.

तू येशील का, असं मी विचारत नाहीये. तिकीट, रजा, सगळं मला कळतं. फक्त एक माणूस जास्त असतं तर मी एक रात्र सलग झोपले असते, हे लिहून ठेवते.

हिरा


२५ नोव्हेंबर

बॅटऱ्या आल्या नाहीत. दुकानदार म्हणतो कोल्हापुरातून निघाल्या. उद्या दुपारच्या आत गाव रिकामा व्हायला हवा. बाळा सकाळी गाडी पलीकडे नेऊन ठेवणार आहे, बॅटऱ्या असोत नसोत. तांदूळ, भांडी, बाबांची औषधं, गादी, पंप, कोंबड्या टोपलीखाली, सगळं बांधून झालं. मला आता फक्त बसायचं आहे आणि बसायला जागा नाही, सगळीकडे गाठोडी.

हिरा


साकवापलीकडून
२७ नोव्हेंबर

रवी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. पण मला आत्ता कुणाशी तरी बोलायचं आहे आणि इथे सगळे ओळखीचे आहेत.

काल निघालो. बाबांना चौघांनी गाडीत चढवलं. बाळाने इंजिन चालू ठेवून पंप चालवला, गादी भरली. पण इंजिन किती वेळ चालू ठेवणार, धुराने गुरं बिथरली, शेजारच्या राहुटीतलं मूल खोकायला लागलं. बंद केलं. तासाभरात गादी बसली.

आज सकाळी फोन आला. टेम्पोवाला. "ताई, कुठं आलोय मी? सगळ्या घरांना कुलपं. माणूस नाही, कोंबडं नाही, कुत्रंसुद्धा नाही. हाका मारून घसा बसला माझा."

म्हटलं, "थांबा, जाऊ नका. तसेच पुढे या, साकव ओलांडा. आम्ही सगळे इकडे आहोत."

"सगळे म्हणजे?"

"गाव."

तो म्हणाला, "घरं इकडं आणि गाव तिकडं?" मी समजावायला लागले, देवाचं, परंपरेचं, पण माणूस घाबरला होता. "सही कुणाची घेऊ मग, देवाची? खोकी पडवीत ठेवलीत, ताई," म्हणाला आणि मसुऱ्याच्या रस्त्याने निघून गेला. पुन्हा लावला तर फोन बंद.

घरी कायम माणूस असतं म्हणे. वर्षातले सगळे दिवस असतं, नेमके हे तीन सोडून, आणि मीच मूर्खासारखी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

साकवावरून आपली पडवी दिसते, तुला माहीत आहे. दोन पांढरी खोकी दिसत होती. मसुऱ्याच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला, तू तर आमच्या गावचा नाहीस, जा आणि आणून दे. तो म्हणाला, गाव तुमचो, पण देव माजोय आसा, माका नको सांगू.

मग मी साकवावर जाऊन उभी राहिले. पदर खोचला. जायचंच ठरवलं होतं. पाचदहा मिनिटांचं काम, दोन फेऱ्या. मागे सगळी वाडी गोळा झाली. कुणी मला अडवलं नाही. सगळे बाबांकडे बघायला लागले, गाडीचं दार उघडं होतं आणि बाबा आतून बघत होते. तसेच बघत होते सगळे, मागच्या वेळी तू आईचा हात धरून गाडीच्या पायरीवर उभा होतास तेव्हा बघत होते तसे.

बाबा म्हणाले, "जा गो. दमलंस तू."

आणि रवी, राधाबाईंनी पाठ फिरवली. मग शिवा गुरवाने. मग एकेक करून सगळ्यांनी, पोरांना खांद्याला धरून वळवलं. गावातलं कुणी बघितलं असं उद्या म्हणायला नको म्हणून. सगळा गाव माझ्याकडे पाठ करून उभा, माडांकडे तोंड करून.

मला जाता आलं नाही. पाय उचलला आणि असा संताप आला की मी उलटी फिरले. गाडीपाशी जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "जा! हा एवढासाच शब्द होता ना? आईसाठी नाही निघाला तो तोंडातून. ती तापाने फणफणत होती. तिच्यासाठी कोणी पाठ फिरवली नाही."

बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्यातून हल्ली आपोआपच येत असतं, त्यामुळे मी आधी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "माका खाली घे. जमनीर."

मी नाही म्हटलं. हट्ट धरला त्यांनी. शेवटी राहुटीत गवतावर चादर घालून ठेवलं. आता आळीपाळीने लोक येतात आणि त्यांना कुशीवर वळवून जातात. कुणी ठरवून दिलेलं नाही. आत्ता शिवा आणि बाळा येऊन गेले. मी एकटीनेच करायचं असं मला का वाटत होतं कोण जाणे. सकाळी बोलले त्याचा पश्चात्ताप होत नाहीये, पण बरंही वाटत नाहीये.

तुझी गाडी रिकामी उभी आहे. मी जरा आत जाऊन पडते.

हिरा


देऊळवाडी
३० नोव्हेंबर

प्रिय रवी,

आधी बॅटऱ्यांचं सांगते, कारण तुझी चौकशी तेवढ्याचीच असते. काल परत आलो. खोकी होती तशीच होती. बाळाने लावल्या, उंची बरोबर बसली, तुझ्या खडूच्या बाणाप्रमाणे वायरी जोडल्या. दिवा लागला, पंखा फिरला, पंप चालतोय. बाबांच्या पाठीला नवी जखम नाही. लोडशेडिंग सुरू झालं की त्यांच्या खोलीपर्यंत वायर ओढून पंप गाडीवर चालवते. दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, माझा ड्रायव्हर अजून ते गाव विसरलेला नाही.

आता दुसरं. हे मी फोनवर सांगू शकले नसते, म्हणून बरं झालं तू फोनवर बोलत नाहीस.

काल सकाळी परतीचा कौल मागायचा होता. सगळे राहुट्यांजवळच मांडलेल्या देवापुढे जमले. नारळ ठेवले. बाबा पडल्यापासून गाऱ्हाणं शिवाच घालतो. त्याने सुरुवात करायला हात जोडले तेवढ्यात बाबांनी हाक मारली. "माका उबो करा," म्हणाले. उभं कसं करणार? दोघांनी काखेत धरून उचललं. शरीराचा सगळा भार त्या दोघांवर, उजवा पाय फरफटत. चेहरा घामाने निथळलेला. मी पुढे झाले तर डाव्या हाताने मला थांबवलं.

शब्द अडखळत होते, मध्येच सुटत होते. मला सगळे लागले, कारण इतके महिने मी तेच बोलणं ऐकते आहे. तुला लिहून पाठवते, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, तीन दीस तुज्या सांगण्यान तुजी लेकरां घरदार सोडून हंय रवली."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"गुरांढोरांक, पोराबाळांक सुखरूप ठेवलंस, तसाच घराक पोचय."

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपतं. कौल मागायचा असतो. शिवा पुढे झाला. बाबा थांबले नाहीत.

"म्हाराजा, मागच्या पाळीक माज्या शेवंतीक ताप होतो. माज्या झिलान तिच्यासाठी गाडी हाडल्यान. मी तिका गाडीत चढूक देवक नाय. जमनीर निजयलंय. तू सांगूक नाय होतंस तसा. गावान सांगूक नाय होता. माज्या मानासाठी मी केलंय. माजा चुकला, म्हाराजा. झील माजो बरोबर होतो."

गाऱ्हाण्यात असलं काही कुणी ऐकलेलं नाही. गाऱ्हाण्यात गावाचं मागणं असतं, एका घराचं दुखणं नसतं. शिवा माझ्याकडे बघायला लागला. बाबा लटपटत होते, पण खाली बसायला तयार नव्हते. गावाने म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत.

पहिल्यांदा राधाबाई बोलल्या. बायका सहसा मोठ्याने म्हणत नाहीत. "व्हय म्हाराजा," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मग शिवा. मग सगळे, एकदम, इतक्या मोठ्याने की कोंबड्या उडाल्या.

मी सगळ्यांच्या नंतर म्हटलं. आईचा तो ताप, ते गवत, तिचं "माका थंडी वाजता गो" म्हणणं, सगळं त्या दोन शब्दांच्या आड येऊन बसलं होतं. तरी म्हटलं. माफ केलं की नाही ते माझं मलाच नीट माहीत नाही, पण म्हटलं.

मग बाबांना खाली ठेवलं. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "सगळ्यांनी म्हटल्यानी?"

मी म्हटलं, सगळ्यांनी.

खोटं बोलले मी, रवी. तुझं राहिलंय.

तुझी बाय
हिरा